लोकरीला विटाळ नसतो

"सड्ल बिडव्वा," असं म्हणून त्या आपली करंगळी माझ्या नाकासमोर धरायच्या. सैल सोड. करंगळीला लोकरीचा एक वेढा, तिथून धागा मधल्या दोन बोटांखालून निघून तर्जनीवरून सुईकडे गेलेला. "लोकर आहे ग ती. चोर पकडल्यासारखी काय धरतेस?"

मी धरायची खरी चोर पकडल्यासारखीच. तुमच्यापैकी ज्यांनी विणकाम केलं असेल त्यांना हे दुखणं ठाऊक असेल. नवशिकीचा हात पहिल्यांदा घट्ट असतो. टाका सुईला असा आवळून बसतो की दुसरी सुई त्यात शिरायलाच तयार नाही. मग जोर लावायचा, सुई करकरते, बोटाचं टोक लाल होतं आणि चार ओळींत डोळ्यांना पाणी येतं. माझ्या डोळ्यांना ते आधीच आलेलं होतं, पण त्याचं कारण वेगळं होतं.

त्या म्हणजे आमच्या शेजारच्या वहिनी. नाव सांगत नाही. त्या घरात त्यांना नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं, आता मी कशाला मिरवू? धारवाडात केलगेरीकडे जाणाऱ्या रस्त्याला आमची दोन घरं एकमेकांना लागून होती. पुढून दोन वेगळे दरवाजे, पण परसाकडे एकच लांब पडवी, आणि तिच्या मधोमध कमरेएवढी भिंत. ही दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट.

आताच्या मुलींना सांगावं लागेल म्हणून सांगते. त्या वेळी आमच्या घरांतून बाई महिन्याचे चार दिवस बाहेर बसायची. पडवीत एक चटई, एक कांबळं, एक तांब्या-भांडं. स्वयंपाकघराकडे फिरकायचं नाही, देवाकडे तर नाहीच. सुती कपड्याला हात लागला की तो धुवायला गेलाच. पण लोकरीला विटाळ नसतो. लोकर आणि रेशीम सदा शुद्ध. हे शास्त्र कुणी लिहिलं मला माहीत नाही, पण ज्यानं लिहिलं त्याला थंडी फार वाजत असावी.

त्यामुळे आमच्या गल्लीत विणकाम हे बाहेर बसायचं काम झालं होतं. चौथ्या दिवशी न्हाणं झालं की सुया टोपलीत आणि टोपली पडवीच्या खुंटीला. एरवी कुणाच्या हातात सुया दिसल्या तर म्हाताऱ्या लगेच विचारायच्या, "काय ग, आज बाहेरची का?"

आता तुम्हीच बघा. ज्या सुनेच्या घरी वर्षाआड पाळणा हलतो, तिचं विणकाम कच्चं राहायचं. वहिनींच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि एक महिना चुकला नव्हता. गल्लीत त्यांच्याइतका बसलेला हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. बायका त्यांचा स्वेटर उलटासुलटा करून म्हणायच्या, "हात किती छान बसलाय हो तुमचा!" आणि एकमेकींकडे बघायच्या. वहिनी हसून "होय की" म्हणायच्या. असलं कौतुक वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

मी पहिल्यांदा बाहेर बसले ती तेराव्या वर्षी, वैशाखात. शाळा बंद, मैत्रिणी बंद, आई चार हातांवरून ताट सरकवून देणार. मी पडवीच्या कोपऱ्यात तोंड खुपसून रडत होते. इतक्यात भिंतीवरून एक निळा गुंडा येऊन माझ्या मांडीत पडला.

"रडून झालं असलं तर धर. नसलं झालं तरी धर," वहिनी म्हणाल्या. त्याही बसल्या होत्या. दोघी बाहेरच्या, त्यामुळे एकमेकींना शिवायला हरकत नव्हती. भिंत ओलांडून त्या माझ्या चटईवर येऊन बसल्या. लग्नाआधी गदगला एका मडमेच्या शाळेत त्या चार यत्ता शिकल्या होत्या. इंग्रजी विसरल्या, विणकाम तेवढं राहिलं. त्यांच्या सुया म्हणजे सायकलच्या चाकाच्या तारा, दगडावर घासून टोक काढलेल्या. लोकर मात्र चांगली असायची. त्यांचे यजमान कोर्टात कारकून होते. ते कामानं हुबळीला गेले की कोप्पीकर रोडवरून एखादी लडी घेऊन येत. बायकोसाठी न मागता आणलेली तेवढी एकच वस्तू. पुढच्या महिन्यातही ही बाहेरच बसणार, याची त्यांना किती खात्री होती ते त्या लडीवरून कळायचं.

पहिल्या चार दिवसांत मी वीतभर विणलं. ते पत्र्यासारखं उभं राहत होतं.

"होग्ली बिड," वहिनी म्हणाल्या, जाऊ दे म्हणाल्या, आणि एक टोक धरून सगळं उसवून टाकलं. माझा जीव कळवळला. उसवलेली लोकर वाकडीतिकडी होते, वळवळते. ती त्यांनी पाण्यात बुडवली, तांब्याला घट्ट गुंडाळली आणि उन्हात ठेवली. संध्याकाळपर्यंत सरळ झाली.

पुढच्या खेपेला मी शहाणपणानं हात सैल सोडला, तर नुसती चाळण झाली. मधून पलीकडचं पेरूचं झाड दिसत होतं. वहिनी पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, "विहिरीत घागर सोडतेस तेव्हा दोर कसा धरतेस?"

"धरत नाही. हातातून जाऊ देते."

"सोडून देतेस?"

"सोडला तर घागर जाईल की."

"मग? लोकर तशीच. जाऊ द्यायची, पण सोडायची नाही. ताण तुझ्या करंगळीशी. बाकी बोटांना त्याचं काही सांगायचं नाही."

ऐकायला सोपं आहे. बोटांना ते कळायला मला वर्ष लागलं. उन्हाळ्यात हाताला घाम यायचा, लोकर बोटाला चिकटायची आणि टाका आपोआप आवळायचा. त्यावर त्यांचा उपाय म्हणजे रांगोळीची चिमूटभर पूड बोटांना चोळायची. श्रावणात लोकर दमट व्हायची, मग आणखी निराळा ताण. त्यातून आम्ही विणणार महिन्यातले चार दिवस. चौथ्या दिवशी जमायला लागावं आणि टोपली खुंटीला जावी. पुढच्या महिन्यात पुन्हा नवा हात. माझ्या पहिल्या गळपट्ट्यावर त्यामुळे पट्टे पडले होते, चार बोटं आवळलेलं, चार बोटं ढगळ, पुन्हा आवळलेलं. एकेक पट्टा म्हणजे एकेक महिना.

त्या पट्ट्यांवर बोट फिरवत वहिनी ते वाचायच्या. "हा आषाढ. हा श्रावण, ह्यात तू आईशी भांडलेली आहेस. इथं कुणी हाक मारली. आणि इथं," एका आवळलेल्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं, "इथं तुला बघायला आले होते ते आठवलं असेल." खरं होतं. लाजून माझा जीव गेला. पण ती विद्या मला विणकामापेक्षा जास्त आवडली. मी त्यांच्या मागे लागले, आणि त्यांनी मला शिकवली. डोळे मिटायचे, अंगठा ओळींवरून न्यायचा. कुठं हात थबकला, कुठं दचकला, कुठं घाईनं धावला, सगळं अंगठ्याला लागतं.

"पण वैनी, तुमच्या विणण्यात कधी काहीच कसं सापडत नाही?" मी एकदा विचारलं.

त्यांनी करंगळी पुढे केली. पेराच्या खाली धाग्याचा वळ पडला होता, कातडी तिथं काळी आणि राठ झाली होती. "इथं सापडतं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा विणायला लागल्या.

वर्षभरात आमच्या तारखा एक झाल्या होत्या. एकीला बसावं लागलं की दुसरी आलीच. आईला ते सोयीचं वाटायचं. मला तर मजा वाटायची. चौदा वर्षांची मुलगी महिन्यातल्या त्या दिवसांची वाट बघते, असं कुणी ऐकलंय?

त्यांच्या सासूबाईंना आम्ही काकू म्हणायचो. तोंडानं फटकळ, पण आजारपणात गल्लीभर धावून जाणाऱ्या. त्यांना राक्षसीण ठरवलं तर मला सोपं जाईल, पण त्या तशा नव्हत्या. एकुलता मुलगा आणि घरात पाळणा नाही. पुढच्या वैशाखात पडवीच्या दारात उभं राहून त्या माझ्यासमोरच वहिनींना म्हणाल्या, "मी तुझं वाईट चिंतत नाही. तुळशीच्या लग्नापर्यंत वाट बघते. मग रामदुर्गची मुलगी आणते. तूही नांदशील, तीही नांदेल." तेव्हा अशा लग्नाला कायद्याची आडकाठी नव्हती आणि लोकांची तर नव्हतीच.

वहिनींनी ओळ पुरी केली. मग म्हणाल्या, "बरं." मी त्या ओळीवरून नंतर अंगठा फिरवून बघितला. इतर ओळींसारखीच होती.

ज्येष्ठात मी बाहेर बसले आणि भिंतीपलीकडची चटई उलगडलीच नाही. दोन दिवस गेले, चार गेले. आषाढात पुन्हा तेच. गल्लीत कुजबूज झाली, मग उघड बोलणं. काकूंनी रामदुर्गला पत्र घालून बोलणी थांबवली. सुनेला विहिरीवर जाऊ देईनात. चिंचेचं, लिंबाचं लोणचं ताटात आपणहून वाढायला लागल्या. आणि यजमानांचा एक गळपट्टा अर्धा राहिला होता, तर म्हणाल्या, "आता चार दिवसांचं बसणं नाही, मग हा पुरा कधी व्हायचा? दुपारी माजघरात बसून विण की. आता कोण काय म्हणणार आहे?"

मी पडवीत एकटी पडले. रागही आला होता, खोटं कशाला बोलू? पण त्या एकटेपणात माझा हात बसला. कसा, ते सांगता येत नाही. एक दिवस सुई टाक्यात लोण्यात शिरावी तशी शिरली, आणि ओळीमागून ओळ सारखी पडत गेली. दाखवायला मात्र कुणी नव्हतं.

भाद्रपदात, गौरी-गणपती झाल्यावर, काकूंनी चोरचोळी केली. तिसरा महिना पुरा झाला की चारचौघींत गाजावाजा न करता पोटुशीला हिरवी चोळी देतात, ती. पाच बायका होत्या. आईबरोबर मीही गेले. ओटी भरून झाली, चहा झाला, आणि काकूंनी हौसेनं तो गळपट्टा बाहेर काढला. "बघा माझ्या सुनेचा हात!"

गळपट्टा हातोहात फिरत माझ्याकडे आला. मी डोळे मिटले आणि अंगठा फिरवला. मला माझी विद्या दाखवायची होती. माझा हात बसला होता, मला वाचता येत होतं, आणि ते कुणाला तरी कळायलाच हवं होतं.

"अय्या, वैनी, हा तुमचा हातच नव्हे!" मी म्हटलं. "इथं किती घट्ट झालंय बघा. सुई तरी शिरली कशी?"

बायका हसल्या. "अगबाई, शिष्या गुरूला शिकवायला लागली!" कुणीतरी म्हणालं. मी डोळे उघडले. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी मान हलवली नाही, काही खूण केली नाही, नुसतं बघत होत्या. त्या बघण्यावरूनच मी थांबायला हवं होतं. मी थांबले नाही.

"आणि हे बघा की काकू," मी पुढे म्हटलं, "मग चांगलं वीतभर सैल आहे, आणि मग पुन्हा चार बोटं घट्ट. माझ्या पहिल्या गळपट्ट्यासारखे पट्टे पडलेत. महिन्याच्या महिन्याला!"

हसणं एकदम थांबलं नाही. एकेक बाई थांबत गेली. काकूंनी माझ्या हातातून गळपट्टा घेतला आणि त्यांनीही अंगठा फिरवला. चाळीस वर्षं पडवीत त्याही बसल्या होत्या. त्यांना मडमेच्या शाळेची गरज नव्हती.

मग घडी करून तो आत ठेवून आल्या. आठ दिवसांनी मी बाहेर बसले. त्याच सकाळी काकू आमच्या पडवीकडे आल्या, मला चटईवर बघितलं आणि तशाच परत फिरल्या. दुपारी त्यांच्या परसातून लाकडाचा ढीग ओढल्याचा आवाज आला. ढिगामागे वाळत घातलेल्या, बाहेर बसताना घ्यायच्या फडक्यांच्या घड्या सापडल्या.

चार महिने त्या बाईनं हे कसं निभावलं असेल, कुठं धुतलं, कुठं वाळवलं, मला कल्पना करवत नाही. त्यांना फक्त वेळ हवा होता. रामदुर्गची बोलणी लांबली की तेवढ्यात खरंच दिवस राहतील, अशी आशा असणार. एरवी त्या नियमानं वागणाऱ्या होत्या. श्रावणातला नैवेद्यही त्यांनी त्या स्थितीत रांधला होता, देवाला हात लावला होता, आणि तशा प्रत्येक दिवशी भीतीनं त्यांचा हात आवळला होता. एवढ्या वर्षांत जो हात काही सांगत नव्हता तो त्या दिवसांत बोलला, आणि त्याची बोली कळणारी एकच कार्टी त्यांनी स्वतः तयार केली होती.

देव पंचगव्यात बुडवले. भांडी निखाऱ्यांवरून काढली. यजमानांनी दोन दिवस घरात अन्न घेतलं नाही, म्हणजे आमच्याकडे येऊन जेवले. तुळशीच्या लग्नानंतर रामदुर्गची मुलगी आली.

मला माहीत नव्हतं, हे मी जन्मभर स्वतःला सांगत आले आहे. ते खरंच आहे. पण मी त्यांचा चेहरा बघितला होता आणि तरी पुढे बोलले, हेही खरंच आहे.

पुढच्या महिन्यात आम्ही दोघी पुन्हा पडवीत होतो. मी भिंतीकडे पाठ करून बसले होते. बऱ्याच वेळानं त्या भिंतीजवळ आल्या, माझ्या मांडीवरचं विणकाम उचललं, डोळे मिटून अंगठा फिरवला आणि परत ठेवलं.

"बसला हो तुझा हात," त्या म्हणाल्या. "आता मी शिकवण्यासारखं काही उरलं नाही."

तो टोमणा होता की शाबासकी, मला आजही ठरवता येत नाही. बहुतेक दोन्ही नसेल. त्या नेहमी जे असेल ते सांगायच्या. त्यानंतर आमच्यात बोलणं असं झालं नाही. वर्षभरात माझं लग्न होऊन मी हुबळीला केशवापूरला गेले.

पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले तेव्हा सातवा महिना होता. परसात गेले तर भिंतीपलीकडे दोन चटया. वहिनी एका गोऱ्या, अंगानं बारीक मुलीच्या करंगळीला लोकरीचा वेढा घालून देत होत्या. तीच रामदुर्गची. तिच्याही लग्नाला दोन वर्षं होऊन गेली होती. ती त्यांना अक्का म्हणत होती आणि जीभ दातांत धरून टाका घालत होती.

मला आनंद झाला. लाज वाटते, पण झाला. दोष वहिनींचा नव्हता हे आता त्या दोन चटया सगळ्या गल्लीला ओरडून सांगत होत्या, असं मला वाटलं. गल्लीनं ते ऐकलं नाही. आई म्हणाली की काकू आता एखादा चांगला ज्योतिषी शोधताहेत.

वहिनींनी मान वर केली. माझ्या पोटाकडे बघितलं आणि घाईनं चटई मागं ओढली. "तिथंच थांब. आमची सावली पडेल तुझ्यावर," त्या म्हणाल्या. मी थांबले. एवढंच आमचं शेवटचं बोलणं.

त्यानंतर दीड वर्षानं गेले तेव्हा पडवीत एकच चटई होती. धाकटी बसली होती. सुया हातात नव्हत्या. मी विचारायच्या आधीच तिनं सांगितलं.

विषमज्वर झाला होता. पंधरा दिवस अंगात बारीक ताप होता, बसण्याच्या पहिल्याच दिवशी तो चढला आणि पडवीतच त्या पडल्या. डॉक्टर आले, त्यांनी उंबऱ्याच्या आतून विचारपूस केली, औषध लिहून दिलं. पण औषध पाजायचं कुणी? चौथ्या दिवसाचं न्हाणं होईपर्यंत शिवता येत नव्हतं. काकू दारात बसून रडत होत्या, हे तिनंच सांगितलं. रडत होत्या, पण दारातच. भांड्यात वरून पाणी ओतत होत्या आणि वहिनींना भांडं उचलता येत नव्हतं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? तीन दिवस मी होते की त्यांच्याजवळ. मांडीवर डोकं घेऊन बसले होते. तिसऱ्या दिवशी गेल्या."

"नशीब की तुझे दिवस त्याच वेळी आले," मी म्हटलं.

तिनं आधी दाराकडे बघितलं. आत कुणी नव्हतं.

"नव्हते आले," ती म्हणाली. "मी पूजेला फुलं काढत होते. अक्का पाणी पाणी करत होत्या आणि सगळे उंबऱ्याच्या आत उभे. मी परडी खाली ठेवली आणि सासूबाईंना सांगितलं, मीसुद्धा बाहेरची झाले."